जामिनाच्या आधी गोळ्यांची पिशवी: तुरुंगातल्या एचआयव्ही रुग्णांसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

या कामात आले त्याच्या पहिल्याच वर्षी एक माणूस माझ्या हातून सुटला. शुक्रवारी दुपारी त्याचा जामीन झाला, संध्याकाळी हमीदाराचे कागद पोचले आणि दिवेलागणीला तो गेटबाहेर पडला. त्याच्या गोळ्यांची डबी दवाखान्याच्या कपाटात राहिली, उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक माझ्या फाईलीत. मला कळलं ते पुढच्या आठवड्यात, माझ्या ठरलेल्या दिवशी आत गेले तेव्हा. त्याचा फोन पोलिसांकडे मुद्देमालात जमा होता आणि दुसरा नंबर मी विचारलेलाच नव्हता. चार महिन्यांनी तो सापडला तो इस्पितळातल्या खाटेवर, अंगाचा सापळा झालेला, क्षयाचं निदान झालेलं. तो वाचला. पण आत असताना ज्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मोजता येणार नाही इतका खाली आला होता, त्याला सुटल्यावर आजारी पडावं लागलं, ते मला अजून सोसत नाही.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्या समुपदेशकाला, नर्सला, स्वयंसेवकाला मी सगळ्यात आधी हेच सांगते: सुटकेची तयारी माणूस आत आल्याच्या आठवड्यात करायची. शिक्षा भोगणाऱ्याची सुटकेची तारीख आधी माहीत असते. कच्च्या कैद्याची, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याची, नसते, आणि तुरुंगात बहुतेक जण कच्चेच कैदी असतात. अमेरिकेत टेक्सासच्या तुरुंगांतून २००४ ते २००७ या काळात सुटलेल्या २११५ एचआयव्ही रुग्णांचा अभ्यास झाला होता. सुटल्यापासून दहा दिवसांत औषध घ्यायला गेले फक्त ५ टक्के. साठ दिवसांतही ३० टक्केच. आत सगळ्यांना औषध मिळत होतं. ते तुटलं गेटवर. तिथली व्यवस्था वेगळी आणि आपली वेगळी, पण औषध तुटण्याची जागा तीच आहे.

पहिली पायरी: तुरुंगाचं घड्याळ समजून घ्या

गोव्याचा मध्यवर्ती तुरुंग बार्देश तालुक्यात कोलवाळला आहे. २०१५ मध्ये आग्वादच्या किल्ल्यातले कैदी इथे हलवले गेले. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांसाठी मोठं केंद्र बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), दक्षिणेकडच्या लोकांसाठी मडगावला जिल्हा इस्पितळात. कोलवाळहून सगळ्यात जवळचं मोठं सरकारी इस्पितळ म्हापशाचं. परवानगीचा मार्ग तुरुंग खातं आणि गोवा राज्य एड्स नियंत्रण संस्था या दोघांमधून जातो. ओळखीने आत शिरायचा प्रयत्न करू नका, पहिल्याच चुकीला दार बंद होतं.

परवानगी मिळाली की पहिले दोन-तीन दिवस कुणाची तपासणी नको, काही नको, फक्त बघा. गिनती कधी होते, बरॅक कधी उघडते, संध्याकाळी बंदी, म्हणजे बरॅकला कुलूप, कधी, दवाखान्यात फार्मासिस्ट किती वाजेपर्यंत असतो, कोर्टाच्या पेशीला गाडी कधी निघते, नातेवाइकांच्या मुलाखतीचे दिवस कोणते. हे कळल्याशिवाय आखलेला कुठलाही औषधोपचार कागदावरच राहतो. रात्री नऊची गोळी लिहून दिलेली आणि बरॅकला त्याआधीच कुलूप, असं मी पाहिलंय.

गार्ड लोकांशी नीट वागा. त्यांनाही भीती असते: झटापटीत रक्त लागलं तर काय, कैदी चावला तर काय. त्यांना बसवून सांगा की ताट, अंथरूण, संडास, घाम, डास यांतून एचआयव्ही लागत नाही. सुई टोचली किंवा जखमेवर रक्त आलं तर जागा साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच इस्पितळ गाठायचं. प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. हे ज्या गार्डला माहीत आहे तो तुमच्या रुग्णाला वेगळं बसवत नाही.

दुसरी पायरी: तपासणी, आणि त्याआधी विचारणं

आपल्या गोव्यात या विषयाला एक जुनी जखम आहे आणि ती नवीन माणसाला माहीत असायला हवी. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा काही नव्हता. त्याने रक्तदान केलं होतं आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद होती, म्हणून म्हापशातल्या क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत त्याला ६४ दिवस डांबलं. त्याला काय झालंय हेही धड कुणी सांगितलं नव्हतं. त्याची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. पुढे डॉमिनिकने गोव्यात ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. तुरुंगात तपासणीचं टेबल मांडताना मला दरवेळी तो आठवतो. एचआयव्हीमुळे माणसाला कोठडीत टाकण्यापासून आपण इथवर आलोय. आता कोठडीत असलेल्या माणसाला एचआयव्हीचे उपचार मिळवून देणं हे आपलं काम आहे.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा, तो लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. कोठडीतल्या प्रत्येकाला, मग तो शिक्षा झालेला असो की कच्चा कैदी, एचआयव्हीची तपासणी, समुपदेशन आणि उपचार मिळण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. आणि समजावून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. दोन्ही एकत्र पाळायचं. ‘सगळ्यांची करायची आहे, रांगेत या’ अशी हाक आली की तुम्ही मध्ये पडायचं. सगळ्यांना विचारणं आणि सगळ्यांची करून टाकणं यांत फरक आहे. तुरुंगात माणसाला ‘नाही’ म्हणायची सवय मोडून गेलेली असते, म्हणून ‘नाही म्हटलं तरी चालेल, पुढच्या वेळी विचारीन’ हे वाक्य तोंडाने बोलून दाखवा. माझा अनुभव असा की हे ऐकल्यावर बहुतेक जण बोट पुढे करतात.

बोटातून घेतलेल्या थेंबाची चाचणी ही फक्त चाळणी. ती रिॲक्टिव्ह आली म्हणजे निदान झालं असं नाही. पक्कं निदान एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटवर होतं. मधल्या दिवसांत त्या माणसाला एकटं सोडू नका. आणि निकाल निगेटिव्ह आला, पण गेल्या तीन महिन्यांत जोखीम घडली असेल, तर पुन्हा तपासणीची तारीख लिहून द्या.

निकाल सांगायला आडोसा लागतो. दवाखान्यात गार्ड दाराशी उभा राहणार, त्याला हटवता येत नाही. पण तो दिसेल आणि त्याला ऐकू जाणार नाही इतकं अंतर मागता येतं. मागा. बऱ्याचदा मिळतं.

तिसरी पायरी: आधीपासून गोळ्या घेणारा माणूस अटक होऊन आला तर

हे सगळ्यात घाईचं काम. अटक, पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, यांत आठवडा जातो आणि तितके दिवस गोळी बंद असते. माणूस स्वतःहून सांगत नाही, कारण ठाण्यात सगळ्यांसमोर विचारलेलं असतं. तुम्ही एकट्याला विचारा: ‘रोजची काही गोळी चालू होती का? प्रेशरची, साखरेची, क्षयाची, एआरटीची?’ चारांत एक म्हणून विचारलं की उत्तर येतं.

हो म्हणाला तर त्याच दिवशी त्याच्या केंद्राला फोन. नाव आणि एआरटी नंबर असेल तर उत्तम, नसेल तर नाव आणि गाव पुरतं. कुठलं औषध, शेवटचं कधी नेलं, शेवटचा व्हायरल लोड किती, हे विचारून तुरुंगाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. घरच्यांना माहीत असेल आणि त्याची हरकत नसेल तर त्यांना घरातली डबी मुलाखतीच्या दिवशी गेटवर आणायला सांगा. आत घेण्याची परवानगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते.

घाई कशासाठी ते समजून घ्या. खंड पडला की विषाणू वाढतो, हे झालंच. पण टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही औषधं कावीळ-ब च्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ज्याला दोन्ही आजार आहेत त्याच्या गोळ्या एकाएकी बंद झाल्या तर यकृताला सूज येऊन माणूस गंभीर होऊ शकतो.

चौथी पायरी: उपचार सुरू करणं

आता भारतात सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) किती आहे याची वाट पाहत नाहीत, निदान झालं की उपचार. बहुतेक प्रौढांना दिवसाला एकच गोळी असते: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र. जेवणाआधी की नंतर याचं बंधन नाही. कुणाकुणाला झोप लागत नाही, म्हणून आणि बंदीच्या वेळेमुळे, तुरुंगात सकाळची गोळी मला सोयीची वाटते. सीडी-४ तरीही करायचाच. तो २०० च्या खाली असेल तर आजार पुढे गेलेला असतो आणि डॉक्टरांना बाकीच्या संसर्गांचा शोध घ्यावा लागतो. व्हायरल लोड सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी, नंतर वर्षाला. तो मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे कैद्याला जरूर सांगा. बायकोकडे परत जायचंय म्हणून गोळी नेमाने घेणारे मी कितीतरी पाहिले.

दुसऱ्या गोळ्यांकडे लक्ष असू द्या, तुरुंगात ते निसटतं. आम्लपित्तावरची मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमची गोळी दवाखान्यात मागेल त्याला मिळते. ती एआरटीच्या गोळीबरोबर घेतली तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. एआरटीची गोळी आम्लपित्ताच्या गोळीच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास, असं अंतर हवं. फिटसाठी दिली जाणारी कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधं त्याचं रक्तातलं प्रमाण खाली आणतात. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतून औषध घेऊन आलेल्या कैद्याची चिठ्ठी म्हणून स्वतः वाचा आणि एआरटीच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तरी सांगा, तिचा डोस जपून ठेवावा लागतो.

आणि क्षय. दाटीच्या बरॅकमध्ये, पावसाळ्यात खिडक्या बंद, तीस-तीस माणसं एका हवेत. प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारायचे, कंटाळा न करता: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घामाने अंग भिजतं का. एकाला जरी हो आलं तरी थुंकी तपासणीला. चारही नाही, तर डॉक्टरांना क्षय-प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा. क्षय निघालाच, तर आधी क्षयाचं औषध सुरू होतं आणि साधारण दोन आठवड्यांत एआरटी. मेंदूच्या क्षयात मात्र थांबतात. क्षयावरचं रिफाम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्राविरची जादा एक गोळी बारा तासांनी द्यावी लागते. ही संध्याकाळची दुसरी गोळी हमखास विसरली जाते, कारण ती बंदीच्या वेळेत येते. तिची सोय फार्मासिस्टशी आधी बोलून ठेवा.

महिला कैद्यांत गर्भवती असेल तर तिची तपासणी आणि उपचार एक दिवसही मागे टाकू नका. आईची गोळी नीट चालली आणि बाळाला जन्मल्यावर औषध मिळालं तर बाळ बहुतेक वेळा सुखरूप राहतं.

पाचवी पायरी: बरॅकमध्ये गुपित राखणं

तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी. ती हलवली की खुळखुळते आणि तो आवाज बरॅकमध्ये सगळे ओळखतात. डबीवरचा कागद काढून टाका, आत कापसाचा बोळा घाला. गोळ्या कागदाच्या पुडीत मात्र देऊ नका. आपल्या पावसात त्या दोन आठवड्यांत ओलसर होतात. कुणाला डबी जवळ नकोच असते, तो रोज दवाखान्यात येऊन गोळी घेतो. पण रोज त्याच वेळी दवाखान्यात जाणाराही ओळखला जातो. कुठलं बरं, हे तुम्ही ठरवायचं नाही, त्याला विचारायचं.

दवाखान्याच्या भिंतीवर यादी नको. कैद्याच्या तुरुंगाच्या कागदांवर लाल शाईचा शेरा नको. एस्कॉर्टच्या पोलिसाला ‘एआरटीला न्यायचाय’ असं सांगायचं नाही, ‘गोमेकॉत तारीख आहे’ पुरे. कोर्टाचा आदेश किंवा कायद्याने सांगितलेलं कारण नसेल तर लेखी संमतीशिवाय कुणाची स्थिती कुणाला सांगता येत नाही. अधिकाऱ्याने सहज म्हणून विचारलं तरी नाही. नम्रपणे, पण नाही.

एस्कॉर्ट न मिळाल्यामुळे तारीख चुकते, हे रडगाणं तुम्ही लवकरच ऐकाल. बंदोबस्त असला, निवडणूक असली, मोठा उत्सव असला की पोलीस मिळत नाहीत. म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी पत्र द्या, आणि केंद्राला शक्य असेल तर एका वेळी जास्त महिन्यांची औषधं मागा. रुग्ण नाही गेला तरी औषध यायला हवं.

नशेच्या इंजेक्शनांची, एकाच ब्लेडची, आत केलेल्या गोंदणाची चौकशी करताना पोलिसी सूर लावू नका. धोका कमी करण्याच्या उपायांना त्याच २०१७ च्या कायद्याचं संरक्षण आहे. कावीळ-क ची तपासणीही याच वेळी करून घ्या. तिचे उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत.

सहावी पायरी: पिशवी

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. प्रत्येक रुग्णाच्या नावाची एक साधी कापडी पिशवी तयार ठेवायची, तो आत आल्यापासून आठवड्याच्या आत. तिच्यात न उघडलेली एक डबी, म्हणजे महिन्याच्या गोळ्या. हिरव्या पुस्तकाची झेरॉक्स. केंद्राचा पत्ता, वार, वेळ आणि तिथल्या समुपदेशकाचा नंबर, मोठ्या अक्षरात, त्याला वाचता येईल त्या भाषेत. आत कन्नड आणि हिंदी वाचणारे बरेच असतात. त्यांना मराठी चिठ्ठीचा काय उपयोग? १०९७ ही मोफत हेल्पलाईनही लिहा. बसचे सुटे पैसे घालता आले तर घाला. कागदावर कुठेही आजाराचं नाव नको.

पिशवी गेटवर ज्याची पाळी असेल त्याच्या हाती पोचेल अशी व्यवस्था अधीक्षकांकडून लेखी करून घ्या. सुटणाऱ्याचं सामान परत करतात त्या सामानातच ती जायला हवी. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की विसरलं जातं. डबीची मुदत संपत आली की बदला, दर तीन महिन्यांनी सगळ्या पिशव्या उघडून बघा.

त्याच आठवड्यात त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: सुटल्यावर पहिल्या रात्री कुठे झोपणार, कुणाचा फोन तोंडपाठ आहे, आणि त्या माणसाला आजाराचं माहीत आहे का. माहीत नसेल तर फोनवर काय बोलायचं ते आधी ठरवा. मी ‘कागद तयार झालेत, एकदा येऊन जायला सांगा’ एवढंच बोलते.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी गाठ घालून द्या. वकील असेल तर त्याला, रुग्णाची संमती घेऊनच, इतकं सांगून ठेवा की जामिनाचा अर्ज कधी लागतोय ते कळवा. एक ओळीचा मेसेज पुरतो.

सातवी पायरी: गेटबाहेरचे पहिले दोन आठवडे

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी फोन. लागला नाही तर पुन्हा. सातव्या दिवसापर्यंत पत्ता नसेल तर घरी जायचं, तेही त्याने परवानगी दिली असेल तरच, आणि संस्थेची पाटी लावलेल्या गाडीतून नाही. पहिल्या भेटीला केंद्रात स्वतः सोबत जा. सुटलेल्या माणसाला रांग, खिडकी, केसपेपर या सगळ्याची धास्ती असते. आधार कार्ड ठाण्यात अडकलेलं असेल तर केंद्राला आधी फोन करून ठेवा, म्हणजे तो रिकाम्या हाताने परतणार नाही.

जो आत येण्याआधी ब्राउन शुगर किंवा इंजेक्शनं घेत होता त्याला सुटण्याआधीच स्पष्ट सांगा: आत असताना शरीराची सवय गेलेली असते, पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. हे पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. ‘घेऊ नकोस’ एवढं सांगून थांबू नका. एकट्याने कधी घेऊ नये, हेही सांगा.

गोव्यात राहणार नसेल तर? सिंधुदुर्गात घर असेल तर ओरोसचं केंद्र, बेळगावकडचा असेल तर बेळगावचं. बदलीची नोंद आपल्या केंद्राने करायची असते. नुसता ‘तिकडे जा’ असा सल्ला देऊन चालत नाही. तिकडच्या समुपदेशकाला फोन करा, नाव सांगा, दिवस ठरवा, आणि त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा विचारा: आला का? थिवीला गाडीत बसवलेला माणूस दुसऱ्या टोकाला कुणीतरी उतरवून घ्यायला हवा.

गोव्यातच राहणाऱ्या गरजू माणसाला समाजकल्याण खात्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज भरायला मदत करा. ती एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठीही आहे, वास्तव्याची अट आणि कागद तेवढे पाहून घ्या. काम आणि छप्पर यांचा प्रश्न सुटला नाही तर गोळीचा फार काळ सुटलेला राहत नाही. तिथे आपली ताकद तोकडी पडते, ते मी लपवत नाही.

आणि जो तीन महिने गायब होऊन परत येईल, त्याला पहिलं वाक्य ‘इतके दिवस कुठे होतास?’ असं ऐकवू नका. ‘आलास ते बरं केलंस, बस’ म्हणा, पाणी द्या. किती दिवस गोळी नव्हती ते मग विचारा, क्षयाचे चार प्रश्न विचारा, डॉक्टरांकडे न्या. बहुतेकांना तीच गोळी पुन्हा सुरू होते आणि काही महिन्यांनी व्हायरल लोड पाहतात. तो परत आत गेला, जे होतं, तर त्याच्या नावाची नवी पिशवी शिवायला घ्या.